गवत कोणाचं?

परवा विद्यापीठाच्या आवारात गवत कापणं चालू होतं. त्या ओल्या वासात उभी असतानाच भावकीच्या ग्रुपवर एका चुलतभावाचा मेसेज पडला : यवतमाळजवळच्या आपल्या लोहाऱ्याचा जंगल सत्याग्रह राष्ट्रीय स्वयंसेवक संघानं केला. तासाभरात दुसऱ्या चुलतभावाचं उत्तर : संघाचं कोणी तिथं नव्हतंच, सगळं थोतांड. राजकीय अपप्रचार हा माझ्या संशोधनाचाच विषय. तरी आपल्याच गावाची अशी ओढाताण पाहिली की जीव कळवळतो.

मला लोहारा म्हटलं की आजी आठवते. डाव्या मुठीत गवत, उजव्या हातात विळा, आणि मागं न बघता मला दटावणं : "कुसळी घेऊ नको माय, ढोराच्या तोंडात रुतते." हात चालता चालता सासूची गोष्ट सांगायची. जंगलात गवत कापताना गार्डानं सासूचा विळा हिसकला, तो परत दिलाच नाही.

मिठाचा कायदा मोडायला वऱ्हाडात समुद्र नाही, मीठ कुठून उचलणार? म्हणून 1930 साली इथं गवत कापून जंगलाचा कायदा मोडायचं ठरलं. 10 जुलैला पुसदला या सत्याग्रहाचे पुढारी बापूजी अणे पकडले गेले. 21 जुलैला लोहाऱ्याच्या जंगलात संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवारांनी सत्याग्रह केला. नऊ महिन्यांची शिक्षा झाली, अकोल्याचा तुरुंग. हे घडलं. निघण्याआधी त्यांनी सरसंघचालकपद डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवलं. संघटना म्हणून संघ उतरला नाही, ज्याला जायचं त्यानं व्यक्तिशः जावं असं ठरलं. हेही घडलं. एका भावाच्या मेसेजनं यातलं एक गिळलं, दुसऱ्याच्या मेसेजनं दुसरं. अण्यांचं तर दोघांकडेही नाव नाही, याचा मला फार राग येतो.

आणि सासूचा विळा? तो सत्याग्रहाच्या आधी गेला की नंतर, आजीला सांगता येत नाही. माझे संशोधनाचे मार्गदर्शक साल विचारतात. त्यांचं बरोबर आहे. पण जिला गवत रोजच लागायचं, तिच्यासाठी कायदा रोजच मोडला जात होता. त्याची तारीख कोण लिहून ठेवणार?

गेल्या सुट्टीत मी सत्याग्रहाचं विचारणं सोडलं, नुसतं गवताचं विचारलं. आजी दुपारभर बोलत राहिली : भारा केवढा बांधायचा, यवतमाळात कोणाच्या दारी विकायचा, गार्ड दिसला की कोणत्या पांदणीनं वळायचं.