टाकणखार

मालेगाव म्हटले, की ऐकणारा थेट नाशिककडे वळतो. आमचे मालेगाव वाशीमचे, हे सांगण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. त्यातही पूर्वी ‘अकोल्याचे’ म्हणावे लागे. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्यांच्या वाटण्या किती सुखाने होतात! आमच्या घरची वाटणी मात्र तशी झाली नाही. अंगणात भिंत उभी राहिली, आणि पलीकडे राहणाऱ्या धाकट्या भावाशी तीन दिवाळ्या माझे बोलणे नव्हते.

यंदा पुण्याहून नात आली ती एक डबी घेऊन. डबीत विकतचा हिरवा, लिबलिबीत गोळा. प्रवासात वाळून त्याचा खडा झाला होता.

“आबा, हा आता ताणतच नाही हो!” तिने रडवेले तोंड केले.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. म्हटले, “रडतेस काय? घरीच करू.”

साहित्य साधे. सुतारकामाचा पांढरा डिंक कपाटात होताच. टाकणखाराची पुडी ओळखीच्या सोनाराने दिली; दागिना झाळताना त्याला तो लागतो. अर्ध्या वाटी डिंकात अर्धी वाटी पाणी कालवले आणि पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर टाकणखार विरघळवला. तोंडात काही घालायचे नाही आणि हात धुतल्यावाचून फराळाला शिवायचे नाही, हा नियम आधीच घालून दिला.

पहिल्या खेपेस मी अधीरपणाने सगळा पेला ओतला. गोळा झाला, पण दडस. वीतभर ताणण्याआधीच तुटला. दुसऱ्या खेपेस चमच्याचमच्याने पाणी घालत, ढवळत राहिलो. चौथ्या चमच्याला डिंक वाटीच्या कडा सोडू लागला. हा गोळा मऊ निघाला. मग त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. पाटावर ठेवला, तर सावकाश पसरला. उंच धरला, तर धार होऊन खाली उतरला. आणि तोच गोळा नातीने एकदम खेचला, तर काकडीसारखा काटकन मोडला!

“असे का हो आबा?”

मी मास्तरकी सुरू केली. डिंकातले रेणू शेवयांसारखे लांबच लांब असतात. असे साखळीदार रेणू असतात, हे श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली मांडले, तेव्हा बड्याबड्यांना ते पटले नव्हते. १९५३ साली त्याच कामाबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. टाकणखार या शेवयांना मध्येमध्ये हात देतो. हे हात कायमचे बांधलेले नसतात. एक सुटला, की दुसरा धरतात. हळू ओढले, तर हात बदलायला सवड मिळते; हिसका दिला, तर मिळत नाही. आणि हात फारच झाले, तर कोणाला हलताच येत नाही. तो आपला पहिला गोळा.

स्वयंपाकघरातून आमच्या घरच्या मंडळींचा आवाज आला, “कणकेचं तरी दुसरं काय असतं? मळल्याबरोबर लाटायला घेतली, की आखडते. थोडा वेळ झाकून ठेवा, मग बघा.”

मी गप्प झालो. वाटणीची बोलणी चालू असतानाच वकिलाची नोटीस धाडली होती ती मी. हिसका माझा होता.

नातीने तोवर गोळ्याचे दोन भाग केले होते. “एक धाकट्या आबांच्या नातवाला!” ती म्हणाली. फराळाचे ताट तिच्या हाती देऊन तिला एकटीला पाठवता आले असते. कसे कोण जाणे, मी चपला घातल्या.

भाऊ ओसरीवरच बसला होता. त्याने ताटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. नातीच्या हातातला गोळा घेऊन त्याने तो दोन्ही हातांनी ओढला. काटकन तुटला. तो ओशाळला.

“हळू ओढ,” मी म्हणालो. तीन वर्षांतले माझे ते पहिले शब्द.

“आता काय, तुटला तो.”

“तुकडे टेकवून ठेव नुसते. धरतात पुन्हा एकमेकांना.”

त्याने ते तळहातावर जवळ ठेवले. थोड्या वेळाने मधली फट दिसेनाशी झाली. तो त्याच्याकडेच पाहत होता. मग सरकून त्याने सतरंजीवर जागा केली.

“बस,” तो म्हणाला.