गळलेली वेलांटी

पहाटे साडेतीनला एसटी सुटली तेव्हा गाडीत अकरावी सायन्सची ४२ मुलं होती, त्यांचे दोन सर होते आणि मुलींसोबत एक बाई हवी म्हणून मी होते. मी मराठी शिकवते. करमाळ्याहून टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत हिंजवडीला पोचायचं, तिथली एक सॉफ्टवेअर कंपनी पाहायची आणि रात्री परत. मुलांना ‘करिअर’ समजावं म्हणून सहल. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी पुणं पाहिलेलं नव्हतं. उजनीचं पाणी लागलं तेव्हा उजाडत होतं. एरवी अशा वेळी गाण्याच्या भेंड्या सुरू होतात. त्या दिवशी गाडी गप्प होती.

आमच्याकडे काम दिसतं. कंदरच्या बाजूला केळीच्या बागेत गेलं की घड उतरवणारा दिसतो, फण्या सोडवणाऱ्या बाया दिसतात, धुऊन, पुसून, खोक्यात भरून माल कंटेनरमध्ये चढेपर्यंतची सगळी साखळी दहा वर्षांचं पोरही सांगेल. सुताराकडे रंधा चालतो आणि भुसा पायाशी पडतो. शिंप्याचं पोर मशीनच्या आवाजातच मोठं होतं. कामाशेजारी नुसतं उभं राहून ते कळतं, आणि बहुतेक मुलं आपण पुढे काय करायचं हे असं उभं राहूनच ठरवतात. कुणी त्यांना बसवून सांगितलेलं नसतं.

हिंजवडी हेही असंच शेताशिवारांचं गाव होतं, म्हातोबाचं बगाड निघणारं. एमआयडीसीने तिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारलं. आता वाकडच्या पुलापासून गाडी मुंगीच्या पायाने सरकते. गेटवर आमची नावं लिहून घेतली, गळ्यात पट्ट्या आल्या, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवले. मग सभागृह, पडदा, कंपनीचा इतिहास. बोलणाऱ्या मॅडम मनापासून बोलत होत्या. पुण्यात १९८१ साली सात जणांनी इन्फोसिस सुरू केली, १९८८ साली सी-डॅक आलं, तिथे विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक उभा केला, हे सगळं त्यांनी सांगितलं. मुलं वहीत उतरवून घेत होती, परीक्षेला येणार असल्यासारखी.

नंतर मजला पाहायला नेलं. काचेच्या दारापलीकडे लांबच लांब दालन. शेकडो माणसं, प्रत्येकापुढे दोन-दोन पडदे, आणि कळफलकांची बारीक टकटक. मुलं काचेला नाक लावून बघत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, ही नेमकं करतायत काय?”

मला सांगता आलं नाही. तिच्यासारखंच मलाही फक्त बसलेली माणसं दिसत होती. दोनशे किलोमीटर आणून मुलांना आपण एक बंद दार दाखवलं, असं वाटून पोटात कालवलं.

जेवणानंतर एका छोट्या खोलीत आम्हाला एक तरुण मुलगी भेटली. ‘टेस्टिंग’मध्ये आहे एवढीच तिची ओळख करून दिली गेली. तिने सुरुवातीलाच विचारलं, “तुम्ही कुठले?” करमाळा म्हटल्यावर म्हणाली, “मी जिंतूरची.” खोलीतली हवाच बदलली. मागच्या रांगेतली दोन मुलं पुढे येऊन बसली. तोवर सगळ्यांना ‘मॅडम’ म्हणणारी मुलं तिला ‘ताई’ म्हणू लागली.

“ग्राहकांचं खरं काम मला दाखवता येत नाही,” ती म्हणाली, “म्हणून सरावाचा फॉर्म उघडते.” पडद्यावर साधा अर्ज होता. नाव, जन्मतारीख, गाव. “प्रोग्रामर हे बनवतात. ते मोडतं कुठे ते मी शोधते. एखाद्या मुलीचं नाव सांगा.” चार-पाच नावं एकदम आली. तिने त्यातलं एक निवडलं आणि टाइप केलं : ज्ञानेश्वरी. बटण दाबलं. खाली उमटलं : ज्ञानेश्वर.

मुलं हसली. ती थांबली, हसू ओसरू दिलं, आणि म्हणाली, “आता सांगा, चूक कुणाची?”

टायपिंगची, कुणी म्हणालं. कीबोर्डची, दुसरं. तिने मग सांगितलं की हा रकाना १० चिन्हं घेतो. “नावात अक्षरं किती?” चार, मुलं ओरडली. ज्ञा, ने, श्व, री. “मग दहात का मावलं नाही?”

इथे मला राहवलं नाही. मी बाकावरून उठले. वृत्त शिकवताना मी हेच तर करते. ज्ञा गुरू, ने गुरू, श्व लघु, री गुरू. अक्षरं ४, मात्रा ७. पण तिने फळ्यावर तिसराच हिशेब मांडला : ज, पाय मोडल्याची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय मोडल्याची खूण, व, र, आणि शेवटी दुसरी वेलांटी. ११. दहाव्या घरात र बसला, अकराव्याला जागा नव्हती, वेलांटी गळाली आणि मुलीचा मुलगा झाला. “इंग्रजी नावं टाकून बघणाऱ्याला हे कधी सापडलं नसतं,” ती म्हणाली. “त्याचं नाव बसलेलं असतं.”

मग ती खोलात गेली, आणि मुलंही तिच्यामागून गेली. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. क चा २३२५. ज चा किती असेल? एका मुलाने बोटांवर क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज मोजलं आणि म्हणाला, २३३२. बरोबर होतं. वर्णमालेचा क्रम तिथे तसाच आहे. आपल्याकडच्या ‘इस्की’ या भारतीय लिप्यांच्या संकेतावरून युनिकोडने ही मांडणी घेतली. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचं पुढचं मोठं काम पुण्यातल्याच सी-डॅकमध्ये झालं. सकाळी सभागृहात वहीत उतरवलेलं ‘सी-डॅक’ हे नाव मुलांना आता कुठे भेटलं.

मी तिला विचारलं, “आणि आचार्यांना, आचाऱ्यांना?” दरवर्षी वर्गात मी हा फरक सांगते. एकात गुरुजन, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे. रफार आणि तो पापणीसारखा अर्धा र. तिचे डोळे चमकले. म्हणाली, “मॅडम, त्या अर्ध्या र ने मला आठ दिवस छळलंय.” तो दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एकाने एका तऱ्हेने भरलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पण आतले क्रमांक वेगळे. शोधायला गेलं की माणूस सापडत नाही. यंत्राच्या लेखी ती दोन माणसं.

खोली गप्प झाली. कागदावरचं नाव जुळत नाही म्हणून बाप तिसऱ्यांदा परत आलेला या मुलांपैकी कित्येकांनी पाहिला आहे. हे कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी शोधून काढू शकतं, आणि ते शोधण्याचा पगार मिळतो, ही गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिली.

पुढचे प्रश्न मुलांनी आपणहून विचारले. पॅकेज किती, हा अर्थातच पहिला. तिने टाळला नाही. जिंतूरलाच बीसीएस केलं, मग कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहून क्लास, वॉक-इनला रांगा, आठ महिने नकार. पहिल्या पगारातून कॉटचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे वजा जाता हातात काय उरायचं ते तिने सरळ सांगितलं. ते ऐकून ज्यांचे चेहरे उतरले त्यांनाही ते ऐकायला मिळालं, हे मला मोलाचं वाटतं. आम्ही शिक्षक मुलांपुढे यशाची शेवटची पायरी ठेवतो. मधल्या आठ महिन्यांत माणूस काय खातो, कुणाकडून उसने घेतो, घरी फोनवर काय सांगतो, यातलं काही आमच्या मार्गदर्शन वर्गात नसतं.

एका मुलाने विचारलं, “ताई, हे सगळं आता एआय करणार म्हणतात. आम्ही शिकून बाहेर पडेपर्यंत तुमचं काम राहील का?”

ती जरा वेळ बोलली नाही. “मला माहीत नाही,” म्हणाली. “मी स्वतः रोज वापरते. पूर्वी दिवस जायचा ते तासात होतं. आमच्यातले काही जण घाबरलेत, मीही कधी कधी घाबरते. पण कुठलं नाव टाकून बघायचं हे अजून मीच ठरवते.” मुलांनी यातलं काहीच वहीत लिहिलं नाही. सगळी तिच्याकडे बघत होती.

‘मराठीचं काय, पास होण्यापुरतं केलं की झालं’ हे मी २२ वर्षं ऐकते आहे, पालकांकडून, कधी स्टाफरूममध्येही. सायन्सच्या वर्गात समास शिकवताना आपण फिजिक्सचा तास उसना घेतलाय असं मनात येत राहतं. म्हणून त्या दुपारी फळ्यावर पाय मोडल्याची खूण पाहून माझा गळा दाटून आला. जोडाक्षर नीट फोडता आलं की नोकरी मिळते असं मी मुलांना सांगणार नाही. ते खोटं होईल. जिंतूरच्या त्या मुलीला आठ महिने कुणी जोडाक्षरावरून घेतलं नव्हतं. पण ती जे करत होती ते मला दिसलं. सकाळी काचेतून दिसत नव्हतं, कारण तिथे आमच्या ओळखीचं काहीच नव्हतं.

निघताना ती गेटपर्यंत आली. मुलींनी तिच्याभोवती कोंडाळं केलं. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मुद्दाम लांब थांबले. काचेपाशी मला प्रश्न विचारणारी मुलगी सर्वांत शेवटी गाडीत चढली.

भिगवणला जेवण झालं. गाडीतले दिवे मालवले. मुलं झोपतील असं वाटलं होतं, पण मागून आवाज येऊ लागले.

“श्रीकृष्ण?”

“श, पाय मोडला, र, वेलांटी… क, ऋकार, ष, पाय मोडला, ण. नऊ!”

“प्राजक्ता?”

कुणीतरी चुकलं, कुणीतरी दुरुस्त केलं, भांडण लागलं, मला पंच म्हणून बोलावलं. मी नऊ म्हणून निकाल दिला. इंदापूर मागे पडलं तेव्हा पुढून ड्रायव्हरकाकांनी मान न वळवता विचारलं,

“पोरांनो, लक्ष्मणात किती?”