दिमोनाकरांचा आठवडा

अश्दोदचे नाहीतर लोदचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "तुमच्या दिमोनात पाहण्यासारखं काय आहे हो?" समुद्र नाही, मोठा बाजार नाही, उन्हाळ्यात अंगावर येणारं वाळवंट तेवढं आहे. खरं सांगायचं तर पाहण्यासारखं फार नाही, राहण्यासारखं मात्र बरंच आहे. ते एका दिवसात दिसत नाही, त्याला आठवडा लागतो. म्हणून आम्हा सहा-सात जणांचा आठवडाच वाचकांपुढे ठेवत आहोत.

दिमोना हे नाव जुनं. यहोशुआच्या पुस्तकात यहुदा वंशाच्या दक्षिणेकडच्या गावांची यादी आहे, तिच्यात ते येतं. आताचं गाव मात्र १९५५ सालचं. सुरुवातीला मोरोक्कोकडची कुटुंबं आली, मग आपली माणसं आली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर झाले, तसं आम्हाला आता दिमोनाकर म्हणायला हरकत नाही. इथल्या दुकानात पोहे, साबुदाणा, शेव, आंब्याचं लोणचं मिळतं, आणि दुकानदार मोरोक्कन असला तरी 'कांदापोहे' म्हटलेलं त्याला कळतं.

आमचा आठवडा रविवारी सुरू होतो. मुंबईहून आलेल्याला रविवारी कामावर जाणं पहिली काही वर्षं जड जातं. पण आपले कोकणातले पूर्वज शनवार तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणजे रविवारी बैल जुंपलेला असणारच! तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

आमच्यातले चौघे मृत समुद्राकाठी, सदोमच्या बाजूला कारखान्यात पाळीनं काम करतात. पहाटे कामगारांची बस येते. दिमोना समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आणि मृत समुद्राचं पाणी समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून जास्त खाली. म्हणजे पाऊण तासात हजार मीटर उतरायचं. माथेरानहून नेरळला उतरलो तरी एवढं होत नाही. कानात दडे बसतात, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, आणि नेमकं तेव्हाच मागच्या बाकावरचा मोबाईलवर मोठमोठ्यानं बोलायला लागतो. बसमधला एसी हा दुसरा तंटा. पुढच्यांना थंडी वाजते, मागच्यांना उकडतं, आणि ड्रायव्हर दोघांनाही 'सव्लानुत, सव्लानुत' म्हणजे धीर धरा सांगून आपलंच खरं करतो.

पण त्याच वळणांवर पूर्वेला मवाबच्या डोंगरांमागून सूर्य वर येतो, तेव्हा भांडणारेही गप्प होतात. खाली दिसतात ते निळे-हिरवे चौकोन. दक्षिणेकडचा मृत समुद्र आता नैसर्गिक राहिलेला नाही. उत्तरेकडून पंपानं पाणी आणून मोठमोठ्या तळ्यांत सोडतात, उन्हानं ते आटतं आणि तळाशी बसलेल्या क्षारांपासून पोटॅश काढतात. आमच्यातल्या एकाच्या आजोबांनी पेणकडची मिठागरं पाहिली होती. पहिल्यांदा सदोमला आले तेव्हा ते म्हणाले, "अरे, हे तर आपलं आगरच की, फक्त मोठं!" पोटॅश वर रेल्वेपर्यंत न्यायला सुमारे १८ किलोमीटरचा पट्टा आहे, डोंगर चढून जाणारा. पुढे हे खत जहाजानं परदेशी जातं, भारतातही जातं. रायगडच्या एखाद्या भाताच्या शेतात त्याची चिमूट पडत असेल, असं मनात आलं की पाळी थोडी हलकी होते. एरवी मीठ सगळीकडे. बुटांच्या नाड्या कडक, चष्म्यावर पापुद्रा, आणि डब्यातल्या भाजीत मीठ कमी असलं तरी ओठांना लागून ते बरोबर होतं.

धावण्याचं वेड आम्हाला उशिरा लागलं. कुपत होलिमच्या डॉक्टरनं साखरेचा आकडा दाखवला आणि चालायला सांगितलं. चालता चालता धावायला लागलो. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत, हिवाळ्यात संध्याकाळी. वाऱ्याबरोबर धूळ तोंडात जाते. पदपथावरून विजेच्या सायकलींवर पोरं अशी जातात की आपणच बाजूला उडी मारावी. मोरोक्कन शेजारीण बाल्कनीतून ओरडते, "कुठे आग लागली?" आणि आपल्याकडचे म्हातारे तर ऐकतच नाहीत. "पोटासाठी आम्ही जन्मभर धावलो, आता तुम्ही फुकट कशाला धावता?" याला आजपर्यंत उत्तर सापडलेलं नाही.

शुक्रवारची सकाळ मात्र राजेशाही. शाब्बाथच्या तयारीनं सगळं गाव दरवळत असतं. एका खिडकीतून जिऱ्याचा वास, दुसरीतून ताज्या पावाचा, आणि आपली वस्ती आली की खोबरं-कोथिंबिरीच्या वाटणाचा. डोळे मिटून धावलो तरी कोणत्या गल्लीत आहोत ते सांगता येईल. कधी गाडी करून येरुहामच्या तलावाकडे जातो आणि पाण्याकाठी धावतो. वाळवंटात पाणी आणि त्यावर पक्षी, एवढं बघूनच दम कमी लागतो. अलीकडच्या वर्षांत मृत समुद्रातल्या त्या तळ्यांच्या बांधांवरून मॅरेथॉनही भरते. खाली हवेचा दाब जास्त, त्यामुळे श्वासाला प्राणवायू थोडा अधिक मिळतो. आठवडाभर जिथे घाम गाळायचा तिथेच सुट्टीच्या दिवशी पैसे भरून घाम गाळायला जाणं घरच्यांना पटत नाही. आमच्यातले दोघे तरीही गेले आणि पदक घालून थेट सिनेगॉगच्या किड्डुशला आले.

आठवड्यातली तिसरी गोष्ट स्वयंसेवेची. इथे त्याला 'हितनादवुत' म्हणतात. आमच्यातल्या दोघी कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर उसन्या देण्याच्या कामात आहेत. हे काम देशभर करणारी याद सारा ही संस्था १९७६ सालापासून आहे आणि तिचा भार मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतो. बाकीचे आम्ही मंगळवारी संध्याकाळी एका वृद्धाश्रमात जातो. सुरुवातीला कटकटी पुष्कळ. फॉर्म भरा, पोलिसांचा दाखला आणा, गळ्यात पट्टी घाला. वेळापत्रक बदलल्याचं आपण दारात पोचल्यावर कळतं. फुकट काम करायलाही रांगेत उभं राहावं लागतं, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

पण तिथे जे पाहिलं त्यानं गंमत थांबली. आपली म्हातारी माणसं आयुष्यभर हिब्रू बोलली, गिरणीत, शेतात, दवाखान्यात. आता आठवण जायला लागली की शेवटी शिकलेली भाषा आधी जाते. हिब्रू गळून पडते आणि मराठी उरते. समोरच्या परिचारिकेची भाषा रशियन, नाहीतर अरबी, नाहीतर अम्हारिक. दोघांमधला हिब्रूचा पूलच गेलेला असतो.

एका आजींच्या कागदावर 'जेवण नाकारते' असं लिहिलं होतं. दोन दिवस तोंड घट्ट मिटून बसलेल्या. डॉक्टर काळजीत. आम्ही जवळ बसलो तेव्हा त्या पुटपुटल्या, "बिरड्याचा रोजा आहे गं. वाल भिजत घातलेस का?" तिशा बेआव होऊन कितीतरी महिने झाले होते. त्यांच्या मनात मात्र तो कोकणातल्या घरातला रोजा चालूच होता. आमच्यातली एक म्हणाली, "आजी, रोजा सुटला. तारे दिसले. वालही भिजलेत." आजींनी खिडकीकडे पाहिलं, आणि मग वाटीभर सूप संपवलं. औषध बदललं नव्हतं, चार वाक्यं मराठीत बोलली गेली होती, एवढंच.

ह्याच पिढीनं १९६४ साली आपण पूर्ण यहुदी आहोत हे मान्य करून घेण्यासाठी जेरुसलेममध्ये धरणं धरलं होतं. ज्यांनी आपल्यासाठी इतका आवाज केला, त्यांचं आज कोणाला कळू नये, ही गोष्ट मनाला लागते. आणि पुढचा हिशोबही सरळ आहे. आमची मुलं आमच्यापेक्षा जोरात धावतात, चांगल्या नोकऱ्या करतात, पण रोजा आणि वाल यांचा संबंध त्यांना लागणार नाही. आम्ही साठीला आलो. आमची पाळी येईल तेव्हा जवळ बसायला कोण येईल?

म्हणून एक लहानसं काम केलं. चाळीस मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहिले, समोर त्यांचा अर्थ. पाणी, दुखतंय, थंडी, नको, लघवी, रोजा, घरी जायचंय. आमच्यातल्या एकाच्या नातवानं ते मोठ्या अक्षरांत छापून दिले. कागद परिचारिकांच्या खोलीत लागला आहे. परवा रशियन परिचारिका एका आजोबांना "दुखतंय का?" असं विचारत होती. उच्चार भलताच, पण आजोबांनी पोटावर हात ठेवून दाखवलं. त्या आठवड्यातले बसमधले सगळे तंटे वसूल झाले.

बेर शेवा, अश्कलोन, रामला, लोद, किर्यात गात, जिथे जिथे आपली वस्ती आहे, तिथे जवळच्या वृद्धाश्रमात एकदा जाऊन विचारा, "इथे मराठी बोलणारं कोणी आहे का?" आठवड्यातला एक तास पुरतो. जमलं तर नातवंडाला बरोबर न्या आणि शब्दांची यादी त्याच्याच हातानं लिहवून घ्या. त्यालाही चाळीस शब्द येतील.