थिबा राजाचा जांभ्याचा वाडा

बांधवून घेणाऱ्याचा स्वभाव वास्तूत उतरतो, असे आपण मानतो. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहताना मात्र प्रश्न पडतो : ही वास्तू ज्याच्या नावाने ओळखली जाते त्याची म्हणावी, की ज्यांनी त्याला तेथे ठेवले त्यांची?

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा पदच्युत झाला. प्रथम मद्रास, आणि १८८६ पासून रत्नागिरी. पुढील चोवीस वर्षे हा राजपरिवार बंगल्यांतच राहिला. भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र जेथून दिसतो, त्या उंचवट्यावरील राजवाड्यात तो राहावयास आला १९१० साली. जागा, खर्च आणि परवानगी, सारे सरकारचे.

वाडा तीन मजली आहे. त्याचा लाल जांभा कोकणचाच. हा चिरा खाणीतून काढताना हत्याराने सहज तासता येतो. वारा लागला की तो टणक होत जातो. छपरे उतरती, कारण येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवर नाजूक लाकडी नक्षी आहे. एकंदर घाट इंग्रजी अंमलातल्या मोठ्या बंगल्याचा आणि अस्थी कोकणच्या.

थिबाचे मूळ घर अगदी वेगळे होते. त्याचा पिता मिंडॉन याने १८५७ ते १८५९ या काळात मंडालेचा राजवाडा उभारला. अमरपुराच्या जुन्या राजवाड्यातील काही दालने सुटी करून येथे पुन्हा जोडली होती. उंच जोत्यावरची एकमजली, सागवानी, सोन्याने मढविलेली ती दालने; सिंहासनावर एकावर एक चढत निमुळते होत गेलेले छत. त्या छताची खूण रत्नागिरीत कोठेही नाही. याच सागवानाच्या ओंडक्यांवरून एका इंग्रज व्यापारी कंपनीला झालेला दंड, हे १८८५ च्या युद्धाचे निमित्त होते. पुढे १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात मंडालेचा तो राजवाडा जळून गेला. परक्या मुलखातला जांभ्याचा वाडा मात्र उभा आहे.

योगायोग असा की, थिबा या वाड्यात आला त्याच १९१० च्या हिवाळ्यात, १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. एकाच सत्तेने दोघांच्या गावांची अशी अदलाबदल केली होती. टिळक १९१४ मध्ये परतले. थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याची समाधीही तेथेच आहे.

आपल्या पूर्वजांनी बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस वाडे बांधले ते तेथल्याच दगडविटांनी. परंतु चौक, सोपा, देवघर, माजघर यांची मांडणी त्यांनी बरोबर नेली होती. आपल्या पायांनी निघालेल्याला मायभूमीचा घाट असा बरोबर नेता येतो. बंदिवानाच्या वाट्याला घर येते, पण त्या घराला आपला घाट देण्याची मुभा येत नाही. थिबा पॅलेसच्या प्रशस्त दालनांत जी पोकळी जाणवते, ती मला या अभावाची वाटते.

तरीही गोष्ट तेथे संपत नाही. १९१९ मध्ये सुपयालत राणी मुलींसह ब्रह्मदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ मध्ये तेथेच निवर्तली. राजवाड्यातील एका मराठी नोकरापासून तिला झालेली मुलगी रत्नागिरीकरांत मिसळून गेली आणि मराठीच बोलू लागली. राजाच्या नातीला आजोळची भाषा उरली नाही. आपले वाडे आता एकेक करून पडत आहेत. त्यांचा चौक, त्यांचे माजघर आपल्याबरोबर जाईल. नातवंडांच्या तोंडची मराठीही त्यांच्याबरोबर जाणार काय, हे मात्र कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते आपल्याच घरात ठरेल.