नर्सी ते औंढा: मातीच्या वाद्यावरची झिलई

फुंकून वाजवायच्या मातीच्या वाद्याला झिलई देण्याआधी ते पुरते भाजले आहे की नाही हे पाहावे लागते. बोटाच्या पेराने हळूच ठोकले की भाजलेली माती खणखणते. कच्ची किंवा तडकलेली बद्द वाजते. या परीक्षेची सर्वांत प्रसिद्ध मराठी कथा हिंगोली जिल्ह्याच्या सुपुत्राची आहे. म्हणून ओकारिना हे असेच मातीचे पोकळ वाद्य, एकदा भाजलेले पण अजून झिलई न दिलेले, घेऊन मी नर्सीपासून निघालो.

कयाधूकाठची नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा वारकऱ्यांच्या घराघरांत माहीत असते. प्रत्यक्ष कामात थापटणे ओलसर मडके ठोकून वाढवण्यासाठी असते. भाजलेल्या मडक्याला बोट पुरते. पण आवाजावरून पारख करण्याची कुंभाराची रीत कथेने अचूक पकडली आहे. ओकारिनाही तसाच पारखायचा असतो.

नर्सीहून औंढ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. बेसाल्टपासून बनलेली ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून कुंभार तिच्यात नदीचा गाळ, राख, लीद मिसळतात. भाजताना लीद जळून जाते आणि भांड्याच्या अंगात बारीक पोकळ्या राहतात. माठ पाझरतो आणि पाणी गार राहते ते यामुळेच. वाद्याला मात्र हे पाझरणे नको असते, कारण वाजवणाऱ्याच्या श्वासातली ओल अंगात मुरते. झिलई त्या अंगावर काचेचा पातळ थर चढवते. चमक हा तिचा दुसरा गुण.

गावच्या आव्यात ही काच वितळत नाही. लाकूड-गोवऱ्यांचा उघडा आवा साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, तर भाजून लाल होणाऱ्या अशा मातीवरच्या झिलईला १००० ते ११०० अंश लागतात. शिवाय राख आणि धूर कच्च्या थराला चिकटतात. उष्णता फार वाढवूनही चालत नाही, कारण लोहयुक्त माती मऊ पडून आकार सोडते. त्यामुळे दुसरी भाजणी विजेच्या भट्टीत करावी लागते.

झिलई चढवण्याचे काम औंढ्याच्या मुक्कामात केले. वाळूतली सिलिका, ती लवकर वितळावी म्हणून घातलेला क्षार आणि ती ओघळू नये म्हणून थोडी माती, असे हे पाण्यात कालवलेले मिश्रण असते. वाद्य तोंडाला लागते, म्हणून त्यात शिसे अजिबात नसावे. आधी ओल्या स्पंजने धूळ पुसायची. मग फुंकेची अरुंद वाट, जिच्यावर हवा कापली जाते ती धार आणि बोटांच्या भोकांच्या कडा वितळलेल्या मेणाने रंगवायच्या. मेणावर झिलई धरत नाही. ही काळजी म्हणजे या कामाचा प्राण. धार काचेने गोल झाली की वाद्य नुसते फुसफुसते. ओकारिनाचा स्वर पोकळीच्या आकारमानावर आणि उघड्या भोकांच्या एकूण क्षेत्रफळावर ठरतो. भोक कोठे आहे याने फारसा फरक पडत नाही. भोकात झिलई साचली की क्षेत्रफळ घटते आणि स्वर उतरतो. पोकळीच्या आत ती मुळीच ओतू नये.

 भाजणीनेही स्वर बदलतो: माती आकसते, हे गृहीत धरून कारागीर ओल्या वाद्याचे स्वर मुद्दाम थोडे खाली ठेवतात.

औंढा नागनाथाच्या देवळात, परंपरेनुसार, कच्च्या ठरलेल्या नामदेवांना विसोबा खेचर भेटले आणि गुरू झाले. काळ्या दगडाच्या त्या भिंतींजवळ ब्रशने दिलेला थर वाळायला फार वेळ लागला नाही. वाळलेला थर बोट लागताच झडतो, म्हणून वाद्य मऊ कापडात गुंडाळून भट्टीपर्यंत न्यायचे. तिथे ते तारेवर टांगायचे. खाली टेकले तर फळीला चिकटते. भट्टी आपोआप थंड होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर काच तडकते. बाहेर काढल्यावर पुन्हा बोटाने ठोकून पाहायचे, मग एकेक भोक उघडून स्वर तपासायचा आणि उतरलेल्या स्वराचे भोक बारीक कानसीने जरासे घासायचे.