धाकटा अजून सापडायचा आहे

२०१८च्या दिवाळीनंतर आमचा धाकटा घरातून गेला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न वयाचाच आला. अठराच्या आतलं पोर हरवलं की अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. सज्ञान माणसाची नुसती ‘मिसिंग’ लागते. गुन्हा नाही, म्हणून घाईही नाही. “भांडण झालं होतं का? पोरीबिरीचं काही?” हवालदार माणूस वाईट नव्हता, माझ्यासारखे किती बाप त्याच्यासमोर बसून गेले असतील. भांडण नव्हतं, पोरगी नव्हती. स्किझोफ्रेनिया होता, आणि गोळ्या कपाटातच राहिल्या होत्या.

मोबाइलचं शेवटचं लोकेशन मिरजेचं निघालं. मिरज म्हणजे जंक्शन. तिथून पुणे, बेळगाव, पंढरपूर, कोल्हापूर, गाडी कुठलीही मिळते. पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी गेला. ही तरीही लावायची. पलीकडचा माणूस भला, त्यानं कधी आवाज चढवला नाही.

मी एसटीत ड्रायव्हर होतो, तेच कामाला आलं. भिंतीवर पोस्टर लावलं की आठवड्याभरात त्यावर क्लासची जाहिरात चिकटते. पण तोच फोटो स्टँडवरच्या कंट्रोलरकडे आणि मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरकडे दिला तर हिंडता राहतो. गाडी रात्री ज्या गावात थांबते, तिथल्या देवळात, शाळेच्या ओट्यावर कोण परकं माणूस झोपलंय हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. पहिला फोटो मित्राच्या लग्नातला होता, गुळगुळीत दाढी, अंगात कोट. एक तरुण कंडक्टर म्हणाला, “मामा, असा तो आता दिसायचाच नाही.” मग स्टुडिओवाल्याकडून दाढी-जटा वाढवलेला फोटो करून घेतला. हिला तो बघवत नाही. फोन मात्र त्याच फोटोवर येतात.

येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर, सरकारी मनोरुग्णालयं चारही पाहिली. डॉ. भरत वाटवानींच्या कर्जतच्या ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्रातही गेलो. रस्त्यावरून उचलून आणलेली हजारो माणसं तिथून बरी होऊन घरी गेलीत, काही तर कित्येक वर्षांनी. औषध लागू पडलं की माणूस आपलं गाव सांगतो. हे ऐकल्यापासून मला झोप लागते.

अनोळखी मृतदेह ओळखायलाही बोलावतात. डाव्या भुवईवरची टाक्यांची खूण बघतो, मान हलवतो, सही करून निघतो. त्यावर जास्त लिहवत नाही.

“मुलगा आमच्याकडे आहे, आधी पैसे टाका” असेही फोन येतात. मी एवढंच म्हणतो, त्याला आमच्या बैलाचं नाव विचारा. फोन बंद होतो.

आता कागद मागे लागलेत. रेशनच्या ई-केवायसीला त्याचा अंगठा हवा. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे, म्हणून वाटणी अडलीय. सात वर्षं काही खबर नसली तर माणूस मयत धरता येतो, दिवाणी कोर्टात दावा लाव, असं भाऊ म्हणतो. त्याचंही चूक नाही, त्याच्या पोरांना घर बांधायचंय. पण त्यासाठी प्रतिज्ञापत्र मला करावं लागेल. ते मी करणार नाही. वाटणी राहू दे अडलेली.

तुम्हाला स्टेशनवर, घाटाच्या पायऱ्यांवर, जटा वाढलेला, स्वतःशीच बोलणारा तरुण दिसला तर वडापाव देऊन तेवढ्यावर निघून जाऊ नका. नाव सांगितलं नाही तरी गाव विचारून बघा. ११२ला फोन करा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला सांभाळून २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं काम आहे. त्यांना माहीत नसेल तर तुम्ही सांगा. आणि त्याच्या डाव्या भुवईवर टाक्यांची खूण असेल, तर सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर कंट्रोलरकडे निरोप ठेवा. तो माझ्यापर्यंत पोचतो.