करवतीची ताकद

चि. बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि ओहायोतील गॅरेजात तू थाटलेल्या कारखान्याची छायाचित्रे काल पावली. टेबल-सॉची जोडणी 120 वरून 240 व्होल्टवर नेली की यंत्राची ताकद दुप्पट होईल, हे तुझे वाक्य वाचल्यापासून मनास स्वस्थता नाही. कारण ते पदार्थविज्ञानात पहिला वर्ग मिळविलेल्या मुलाच्या लेखणीतून उतरले आहे.

अरे, तुझ्या मोटरीच्या पोटात दोन सारख्या गुंडाळ्या आहेत. 120 वर त्या समांतर जोडतात, 240 वर त्याच एकसर; दोन्ही प्रसंगी प्रत्येक गुंडाळीच्या वाट्याला 120 व्होल्टच येतात, आणि दीड अश्वशक्तीची मोटर दीड अश्वशक्तीचीच राहते. हलके होते ते भिंतीतल्या तारेचे ओझे: 15 अँपिअरच्या जागी साडेसात वाहू लागतात, आणि त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा व्यय चतुर्थांशावर येतो. गॅरेजाची तार लांब नि बारीक असेल, यंत्र सुरू होताच दिवे मंदावत असतील, तर लाभ निःसंशय होईल. पण तो मोटरीची उपासमार थांबल्याचा, ती बलवान झाल्याचा नव्हे. एडिसनच्या 1882 सालच्या न्यूयॉर्कमधील केंद्राने 110 व्होल्टांची जी प्रथा पाडली, तिचा वारसा तुमच्याकडे अद्याप चालू आहे. इकडे साध्या प्लगातूनच 230 मिळत असल्याने आमच्या सुतारास हा प्रश्न पडत नाही.

माझे मत तुला पूर्वापार ठाऊक आहे. करवत अडते तेव्हा दोष बहुधा पात्याचा असतो, विजेचा नव्हे. छायाचित्रात आडव्या कापाचे, दाट दातांचे पाते दिसते, कडेला राळ जळून काळी पडलेली, आणि अशा पात्याने तू दोन इंची मेपल उभे फाडतोस! 24 दातांचे, कमी जाडीचे, ताज्या धारेचे पाते चढव. दादांच्या कारखान्यात करवतीवर कानस फिरल्यावाचून दिवस सुरू होत नसे, हे तू स्वतः पाहिले आहेस.

तरीही बदल करणारच असशील, तर प्रथम मोटरीची नामपट्टी वाच; तीवर दोन्ही दाब लिहिलेले नसतील, किंवा मोटर कोळशाच्या ब्रशांवर चालणारी असेल, तर विषय तेथेच संपला. 240 च्या जोडणीत पांढरी तारही जिवंत होते, तेव्हा तीवर काळी वा तांबडी पट्टी गुंडाळलीच पाहिजे. ब्रेकर दोन्ही तारा एकदम तोडणारा हवा, यंत्राचा खटकाही तसाच असावा, आणि अर्थिंगच्या तारेत कोणतीही कसूर चालणार नाही. मुख्य ब्रेकर बंद केला तरी बाहेरून पेटीत येणाऱ्या तारांत वीज खेळतच असते. म्हणून पेटीचे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घे. चार पैसे वाचविण्याचा मोह येथे नको.

आणि खरी चिंता शेवटी लिहितो. पात्यामागची पोलादी पट्टी आणि वरचे आवरण तू काढून ठेवले आहेस. फाटत्या लाकडाने मागून पाते आवळले की ते लाकूड उसळून छातीवर येते. त्याला 120 पुरेसे आहेत. दादांच्या अंगठ्याची हकीकत तुला नव्याने सांगावयास नको. दोन्ही परत बसव आणि तसे छायाचित्र पाठव. तोवर करवतीचा प्लग भिंतीतून काढलेला असू दे.

तुझा,
काका